चावी बंद केली तरी इंजिन फिरत राहते आणि आयडलिंगला डुगडुगते (ॲम्बॅसेडर मार्क ४, इंदूर)

माळवी चालक, इंदूर

नमस्कार. आमच्याकडे १९८२ सालची ॲम्बॅसेडर मार्क ४ आहे. १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिन, एसयू कार्बोरेटर आणि पॉइंट-कंडेन्सरचे इग्निशन (ठिणगी पाडण्याची जुनी व्यवस्था) हे सर्व मूळचेच आहे. डिझेल इंजिन किंवा गॅसचे किट या गाडीला कधीही बसवलेले नाही. गाडी रोज बाहेर निघत नाही, परंतु आठवड्यातून एखादी फेरी होते आणि अधूनमधून महू, मांडू किंवा ओंकारेश्वर असा लांबचा प्रवासही होतो.

तक्रारी दोन आहेत आणि त्या एकाच दुखण्याच्या आहेत की स्वतंत्र, हे मला ठरवता येत नाही. पहिली अशी, की इंजिन चांगले तापलेले असताना चावी बंद केली तरी ते थांबत नाही. आचके देत आणि सगळी गाडी हलवत काही सेकंद फिरत राहते, आणि शेवटी एक उलटा हिसका देऊन बंद पडते. ओंकारेश्वरहून परतताना भेरू घाट चढून आल्यावर सिमरोलला गाडी उभी केली, तेव्हा हा प्रकार सर्वांत जास्त झाला. सकाळी जवळपास एखादी फेरी मारून आलो तर मात्र इंजिन चावीबरोबर निमूटपणे थांबते. दुसरी तक्रार आयडलिंगची आहे. पलासिया चौकात सिग्नलला उभे असताना इंजिन डुगडुगते, मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखे वाटते आणि आता बंद पडणार अशी धाकधूक लागून राहते. वेगात असताना गाडी अगदी ठीक चालते.

मिस्त्रींनी कार्बोरेटर साफ केला, प्लग आणि पॉइंट नवे घातले आणि स्लोचा स्क्रू आवळून आयडलिंग वाढवून दिले. त्यामुळे गाडी सिग्नलला बंद पडत नाही हे खरे, परंतु चावी काढल्यावर आचके देण्याचे प्रमाण वाढले. आता एक जण म्हणतात की सगळा दोष हल्लीच्या पेट्रोलचा आहे. दुसरे म्हणतात की हेड उतरवून कार्बन काढल्याशिवाय इलाज नाही. तापमानाचा काटा मध्याच्या किंचित वर असतो. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप) बऱ्याच वर्षांपूर्वी कोणीतरी काढून टाकलेला आहे. माझ्याकडे फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) आणि बारा व्होल्टचा टेस्ट लॅम्प आहे, कॉम्प्रेशन गेज ओळखीत मिळू शकतो. हेड उघडण्याआधी कोणत्या क्रमाने काय तपासावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आठशेवाले, ग्वाल्हेर

आपल्या गाडीला आयडल कट-ऑफ सोलेनॉइड बसवून घ्या, असे मी सुचवीन. जुन्या मारुती ८०० च्या कार्बोरेटरवर हा सोलेनॉइड कंपनीकडूनच येत असे. चावी बंद होताच तो आयडलिंगच्या पेट्रोलची वाट बंद करतो आणि पेट्रोलच न मिळाल्यामुळे इंजिन आपोआप थांबते. माझ्या गाडीत त्याची वायर निघाली होती तेव्हा नेमका हाच त्रास सुरू झाला होता, आणि वायर जोडताच थांबला.

तोपर्यंत तात्पुरता उपाय म्हणून, तापलेले इंजिन बंद करताना गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवावी, हँडब्रेक ओढून ब्रेकवर पाय घट्ट दाबावा, आणि चावी बंद करतानाच क्लच हळू सोडावा. इंजिन जागच्या जागी दाबले जाऊन थांबते आणि तो उलटा हिसकाही बसत नाही. समोर भिंत किंवा माणूस नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

सूरसागर, बडोदा

वरील प्रतिसादातील गिअरची युक्ती उपयोगी आहे, परंतु सोलेनॉइडचा सल्ला या गाडीला लागू पडत नाही. मारुतीच्या कार्बोरेटरला आयडलिंगसाठी स्वतंत्र जेट आणि स्वतंत्र वाट असते, म्हणून ती वाट बंद करता येते. एसयूमध्ये जेट एकच. आयडलिंगपासून पूर्ण वेगापर्यंत सगळे पेट्रोल त्याच जेटमधून, वरखाली होणाऱ्या सुईच्या भोवतीने येते. तेव्हा बंद करण्याजोगी वेगळी वाटच तेथे नाही. सोलेनॉइड विकत घेऊन तो कोठे बसवायचा हे शोधत बसण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

आता मुख्य मुद्दा. आपल्या दोन तक्रारी वेगवेगळ्या नाहीत, आणि त्यांना जोडणारा दुवा आपण स्वतःच लिहिला आहे: आयडलिंग बिघडले म्हणून स्लोचा स्क्रू आवळला, आणि स्क्रू आवळला म्हणून चावी बंद केल्यावरचे फिरणे वाढले. ठिणगी बंद झाल्यानंतर इंजिन फिरत राहते ते सिलिंडरमधल्या एखाद्या लालभडक जागेमुळे. ती कार्बनची खपली असेल, प्लगचे टोक असेल किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्हची तापलेली कड असेल. पण नुसती तप्त जागा पुरत नाही, तिला जाळायला मिश्रणही लागते. थ्रॉटल (कार्बोरेटरमधली मिश्रण आत सोडणारी झडप) जवळजवळ पूर्ण मिटलेला असेल तर सिलिंडरमध्ये इतके थोडे मिश्रण जाते की दाबल्यावरही ते आपोआप पेट घेत नाही. स्क्रू आवळून थ्रॉटल उघडा ठेवला की चावी बंद झाल्यावरही भरपूर मिश्रण आत जात राहते. म्हणून इंजिन खडबडीत का चालते याचे कारण आधी शोधावे आणि मग आयडलिंग खाली आणावे. बऱ्याच गाड्यांत एवढ्यानेच दुसरी तक्रार मिटते.

प्रथम विजेची शंका दूर करावी. टेस्ट लॅम्पचे एक टोक कॉइलच्या चावीकडील टर्मिनलला आणि दुसरे इंजिनाला लावून चावी बंद करावी. दिवा तत्क्षणी विझला तर वीज खरोखर तुटत आहे. दिवा लागलेलाच राहिला तर इग्निशन स्विच किंवा उलटी येणारी एखादी वायर तपासावी लागेल. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवलेल्या गाड्यांत चार्जिंगच्या दिव्यामार्फत असा उलटा पुरवठा कधीकधी येतो. आपले इंजिन आचके देत आणि उलटा हिसका देत थांबते, त्यामुळे दोष विजेचा नसावा असे मला वाटते, पण तपासणी दोन मिनिटांची आहे.

त्यानंतर टॅपेट (व्हॉल्व्हच्या वरची फट), मग पॉइंट, मग टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ), आणि कार्बोरेटरला हात सर्वांत शेवटी. आपल्याकडे बहुतेक गॅरेजमध्ये हा क्रम उलटा असतो, कारण कार्बोरेटरचा स्क्रू हाताला लगेच लागतो. या बी-सिरीज इंजिनात टॅपेटचे अंतर ०.०१५ इंच, म्हणजे सुमारे ०.३८ मिलिमीटर ठेवतात. समोरून मागे आठही व्हॉल्व्हना क्रमांक द्यावेत आणि नऊचा नियम पाळावा: पहिला व्हॉल्व्ह पूर्ण उघडला असताना आठवा तपासावा, दुसरा उघडला असताना सातवा, तिसरा उघडला असताना सहावा, याप्रमाणे बेरीज नेहमी नऊ. घट्ट टॅपेटचा व्हॉल्व्ह आपल्या सीटवर नीट बसत नाही, त्यामुळे आयडलिंग बिघडतेच. शिवाय उष्णता सीटमार्फत बाहेर जाऊ न शकल्याने त्याची कड तापून तीच पेट घेण्याची जागा बनते. सैल टॅपेट आवाज करतो म्हणून लोक तो लगेच आवळतात. घट्ट टॅपेट मात्र गप्प राहून नुकसान करतो.

ल्युकासच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटचे अंतर ०.०१४ ते ०.०१६ इंच ठेवावे. अंतर बदलले की टायमिंगही बदलते, म्हणून नवे पॉइंट घातल्यावर टायमिंग तपासले नसेल तर ते हललेले आहे असेच धरून चालावे. पुलीची खूण जुळवून, टेस्ट लॅम्प डिस्ट्रिब्युटरच्या बारीक वायरच्या टर्मिनलला आणि इंजिनाला लावून, चावी चालू ठेवून डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवावा. पॉइंट उघडताच दिवा लागतो. इंजिन चालू ठेवून स्ट्रोब दिव्याने पाहणार असाल तर व्हॅक्युम ॲडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणाऱ्या व्यवस्थेची) नळी काढून तिचे तोंड बंद करावे. आपले आयडलिंग वाढवलेले असल्यामुळे थ्रॉटलची कड त्या छिद्रावरून सरकलेली असू शकते आणि मग व्हॅक्युम ॲडव्हान्स आयडलिंगलाच काम करू लागतो. तशा अवस्थेत दिसणारे टायमिंग खोटे असते. ठोका (जोर लावताना इंजिनातून येणारा टकटक आवाज) ऐकू येतो म्हणून टायमिंग मागे, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असे, करून ठेवण्याची सवय आपल्याकडे आहे. मागे असलेल्या टायमिंगने इंजिन जास्त तापते आणि आयडलिंग टिकवायला थ्रॉटलही जास्त उघडावा लागतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी आपल्या तक्रारीला खतपाणी मिळते.

यानंतर बाहेरून ओढली जाणारी हवा. वेगात गाडी ठीक आणि आयडलिंगला वाईट, या लक्षणावरून माझा पहिला संशय येथेच आहे. या इंजिनात पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरला मिळून एक इनलेट तोंड आहे आणि तिसऱ्या व चौथ्याला मिळून दुसरे. म्हणून थोडे अंतर चालवून चारही प्लग काढावेत आणि ओळीने मांडून पाहावेत. शेजारच्या दोन प्लगांचा रंग पांढरट आणि उरलेल्या दोहोंचा तपकिरी असेल, तर कार्बोरेटरचे मिश्रण नव्हे, त्या एका तोंडाचे पॅकिंग दोषी आहे. चारही पांढरे असतील तर मिश्रण एकंदरीत पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे, किंवा कार्बोरेटरच्या बुडाशी अथवा थ्रॉटलच्या दांड्याशी हवा शिरते आहे. शेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन कमी भरले, तर मात्र हेड गॅस्केट त्या दोहोंमध्ये उडाले असण्याची शक्यता आहे, आणि तेव्हाच हेड उतरवण्याचा विचार करावा.

एक गोष्ट बजावून सांगतो. गळती शोधण्यासाठी चालू इंजिनावर पेट्रोल किंवा कार्बोरेटर क्लीनर फवारण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकमेकांना चिकटून आहेत. तेथे पेट्रोल उडवणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे, आणि तापलेल्या बिडाच्या एक्झॉस्टवर गार पाणी मारले तर ते तडकू शकते. थ्रॉटलच्या दांड्याची दोन्ही टोके जाड ग्रीसने लिंपून पाहावीत. त्याने आयडलिंग सुधारले तर दांडा झिजला आहे.

मॅनिफोल्डचे नट पाहताना त्यांखालचे जाड वॉशर सरळ बसले आहेत का, हेही पाहावे. एकच वॉशर इनलेट आणि एक्झॉस्ट दोहोंच्या कडा एकदम दाबतो. दोहोंपैकी एकाची कड कधी घासली गेली असेल तर वॉशर तिरका होऊन जाड कडेलाच दाबतो आणि दुसरीकडून हवा शिरते. अशा वेळी नवे पॅकिंग घालूनही उपयोग होत नाही.

थर्मोस्टॅट परत बसवावा. तो काढला की इंजिन थंड राहते, हा समज चुकीचा आहे. त्याच्या अडथळ्यामुळे ब्लॉक आणि हेडमध्ये पाण्याचा जो दाब टिकतो तो नाहीसा होतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास, काट्यावर न दिसणाऱ्या तप्त जागा तयार होऊ शकतात.

खजुरी बाजार, इंदूर

पेट्रोलच्या वादात थोडी भर घालतो, कारण त्यात अर्धे खरे आणि अर्धे चुकीचे आहे. आपल्याकडे २०२३ पासून टप्प्याटप्प्याने २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. इथेनॉलचा ऑक्टेन (ठोका टाळण्याची क्षमता) पेट्रोलपेक्षा जास्त असतो, त्यामुळे “नव्या पेट्रोलचा ऑक्टेन कमी आहे म्हणून इंजिन थांबत नाही” हे म्हणणे टिकत नाही. परंतु इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला सुमारे ९ आणि या मिश्रणाला सुमारे १३.५. जुन्या पेट्रोलवर बसवलेला कार्बोरेटर हात न लावता तसाच ठेवला तर इंजिनाला मिश्रण पातळ मिळते, आणि पातळ मिश्रणाने आयडलिंग खडबडते व इंजिनही जास्त तापते. तेव्हा पेट्रोलकडे बोट दाखवणाऱ्यांचा निष्कर्ष निम्मा बरोबर आहे, कारण चुकीचे आहे.

सुदैवाने एसयूमध्ये हे दुरुस्त करणे सोपे आहे. जेटखालचा षटकोनी नट खाली फिरवला की जेट उतरतो आणि मिश्रण घट्ट होते, म्हणजे त्यात पेट्रोल वाढते. अगदी मुळापासून सुरुवात करायची असेल तर जेट पुलाच्या (कार्बोरेटरच्या पिस्टनखालच्या सपाट भागाच्या) पातळीला आणून तेथून नट दोन पूर्ण फेरे खाली घ्यावा, इंजिन पूर्ण तापू द्यावे आणि मग एका वेळी एकच बाजू, म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग फिरवत जावे. कार्बोरेटरच्या बाजूच्या पिनने त्यातला पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलून पाहावा. वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण घट्ट आहे. इंजिन अडखळून बंद पडू लागले तर पातळ आहे. किंचित वाढून पूर्वीवर आला तर बरोबर आहे. मात्र हे सर्व हवेची गळती बंद केल्यानंतरच करावे. गळती असताना नट फिरवत बसलात तर एका जोडीचे मिश्रण सुधारेल आणि दुसरी जोडी काळी पडेल.

डॅशपॉटमध्ये (कार्बोरेटरच्या पिस्टनवरच्या तेलाच्या भांड्यात) तेल नसणे हेही आयडलिंग बिघडण्याचे कारण म्हणून सांगितले जाते. ते तेल एकदम ॲक्सिलरेटर दाबल्यावर पिस्टनला आवरण्यासाठी असते. ते संपले तर गाडी उचल घेताना अडखळेल, उभ्या गाडीच्या आयडलिंगवर त्याचा परिणाम नाही.

प्लगचा नंबर मात्र जरूर पाहावा. एनजीकेच्या प्लगमध्ये आकडा वाढेल तसा प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा, असतो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढेल तसा गरम. एका कंपनीचा प्लग मिळाला नाही म्हणून दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचा “त्याच नंबराचा” दिला तर भलताच गरम प्लग गळ्यात पडू शकतो. आट्यांची लांबीही जुळली पाहिजे. आखूड प्लगामुळे हेडमधले रिकामे आटे कार्बनने भरतात आणि तो कार्बन तापतो.

माळवी चालक, इंदूर

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे क्रमाने पाहिले. चावी बंद करताच टेस्ट लॅम्प विझतो, म्हणजे वीज ठीक आहे. आठपैकी दोन टॅपेट घट्ट निघाले, त्यांतला एक तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टचा. टायमिंग बरेच मागे होते. प्लग ओळीने मांडल्यावर पहिले दोन तपकिरी आणि शेवटचे दोन स्वच्छ पांढरे दिसले. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन जवळजवळ सारखे भरले. त्यामुळे मॅनिफोल्ड उतरवला, तर मागच्या इनलेट तोंडाचे पॅकिंग एका बाजूने काळे पडलेले होते आणि वॉशरची खूण फक्त एक्झॉस्टच्या कडेवर उमटलेली होती. दोन्ही कडा खरादवाल्याकडून एका पातळीत करून घेतल्या, नवे पॅकिंग आणि नवे वॉशर घातले. थ्रॉटलच्या दांड्याला ग्रीस लावून पाहिले, फरक अगदी नाममात्र पडला.

आता स्लोचा स्क्रू बराच सैल करूनही आयडलिंग स्थिर राहते. शहरातल्या फेरीनंतर इंजिन चावीबरोबर बंद होते. भर दुपारी महूहून आल्यावर मात्र अजून एखाद-दुसरा आचका बसतो. थर्मोस्टॅट आणि जेटचे काम अद्याप केलेले नाही. अशा स्थितीत कार्बन काढण्यासाठी हेड उतरवणे योग्य होईल का?

सूरसागर, बडोदा

नाही, आत्ता उतरवू नये. कार्बनचा थर खरोखर जाड असेल तर सिलिंडरमधली जागा कमी होऊन कॉम्प्रेशन पुस्तकातल्या आकड्यापेक्षा जास्त भरते आणि टायमिंग बरोबर असूनही चढावर ठोका ऐकू येतो. ही दोन्ही लक्षणे नसतील तर हेड उतरवून चांगले बसलेले गॅस्केट मोडण्यात अर्थ नाही. पातळ मिश्रणावर आणि मागे टायमिंगवर बराच काळ चाललेल्या इंजिनात काही ठिणग्या धरणाऱ्या खपल्या राहिलेल्या असतात. टायमिंग सुधारल्यानंतर हमरस्त्यावर एक-दोन लांब प्रवास झाले की त्यांतल्या बऱ्याच स्वतःहून जळून जातात.

उन्हाळ्याचा विचार करून ७४ अंशांचा थर्मोस्टॅट बसवावा आणि रेडिएटर आतून धुवून घ्यावा. पाणी पूर्ण तापल्यावर जेटचा नट वर सांगितलेल्या पद्धतीने जुळवावा. त्यानंतर आयडलिंगचा वेग थोडा वाढेल, तो पुन्हा स्क्रूने खाली आणण्यास विसरू नये. त्यानंतरही आचका राहिला तर प्लग एक पायरी थंड घालून पाहावा. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत तो काळा पडू लागला तर पुन्हा जुन्या नंबरावर यावे. लांबून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट आयडलिंगवर चालू द्यावे. मॅनिफोल्डचे नट पहिल्या दोन-तीन वेळा इंजिन तापून गार झाल्यावर एकदा पुन्हा तपासावेत. नवे पॅकिंग दबून ते सैल पडतात.